झोप न आणणारं तेल

कारखाना बंद झाला त्या दुपारी अण्णा रिक्षातून घरी आले. एरवी माझे वडील सायकलवरून ये-जा करत. रिक्षा म्हणजे आमच्याकडे एकतर आजारपण किंवा बाळंतपण, त्यामुळे बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्यांमधून माना बाहेर आल्या. अण्णांच्या मांडीवर ॲल्युमिनियमचा एक बुटका, पोट सुटलेला डबा होता आणि तो त्यांनी तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी धरला होता. वाटेत एखाद्या खड्ड्यात झाकण सैल झालं असावं. रिक्षावाला उतरून सीट हुंगत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, हे काय सांडलंत? आता घरी गेलो की बायको विचारणार, दिवसभर कुणाला फिरवत होतास म्हणून." अण्णांनी त्याला गंभीरपणे सांगितलं, "लवंडर आहे म्हणावं. अस्सल." त्यानं बायकोचं समाधान झालं की संसार मोडला, हे कळायला मार्ग नाही.

अण्णा एका लहानशा साबणाच्या कारखान्यात सुवासाच्या खात्यात होते. म्हणजे साबणाच्या गरम लगद्यात कुठला वास किती आणि केव्हा ओतायचा, हे ते ठरवत. गुलाब, मोगरा, चंदन आणि ज्याला सगळे कामगार 'लवंडर' म्हणत ते लव्हेंडर. मग टीव्हीवर परदेशी साबणांच्या जाहिराती यायला लागल्या. त्यांत फेसात बुडालेल्या बायका आपल्याच खांद्याचा वास घेऊन हसायच्या. आमच्या साबणानं हसू येत नसे, नुसता मळ निघे. कारखाना हळूहळू आटत गेला. शेवटी म्हाताऱ्या मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं, हात जोडले आणि सांगितलं, "मला आता झेपत नाही. हिशोब सगळ्यांचे चुकते केलेत. पण आठवण म्हणून ज्याला जे न्यावंसं वाटेल ते न्या." हिशेबनिसानं पंखा काढला. ड्रायव्हरनं टेबल नेलं. वॉचमननं गेटचं कुलूप नेलं. अण्णांनी तेलाचा डबा उचलला.

"अहो," आई म्हणाली, "लोकांनी पंखे नेले, टेबलं नेली. वॉचमननंसुद्धा कुलूप नेलं. तुम्ही वास आणलात?"

"शुद्ध तेल आहे ते. फ्रान्सहून यायचं."

"मग गाद्यांच्या मागे ठेवा. भाजीत घालता आलं तर सांगते."

आई महापालिकेच्या दवाखान्यात स्टाफ नर्स होती. रोज माणसांचं रडणं-ओरडणं ऐकून तिचं बोलणं इंजेक्शनसारखं झालं होतं: लहान, टोकदार आणि दुखून गेल्यावर गुणकारी. दोन खोल्यांचं आमचं घर तिच्या पाळ्यांवर चालायचं. तिची सकाळपाळी असली की अण्णा भाकऱ्या थापायचे, दुपारपाळी असली की मी. अण्णांच्या भाकऱ्या गोल नसत, पण फुगत. माझ्या गोल असत, पण फुगत नसत. आई दोन्ही खाताना एकच वाक्य बोले, "पोटात गेल्यावर आकार कोण बघतंय."

त्या दिवसापासून मात्र आमच्या पोटात जे जाईल त्याला लव्हेंडरचा वास येऊ लागला. डबा घट्ट बंद केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, वर जुनं जाजम टाकलं, तरी तो वास कुठूनतरी निघायचाच. सुकट भाजायला घेतली की एरवी खालच्या मजल्यापर्यंत बातमी जायची. आता सुकट आणि लव्हेंडर यांची मिळून जी बातमी जाई, तिचा अर्थ कुणालाच लागत नसे. शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून मला काळजीनं विचारलं, "सुजाता, तुमच्याकडे नक्की काय मेलंय, आणि त्याला एवढं पावडर कशाला लावलंय?" पौर्णिमेच्या वंदनेला आम्ही नेहमी मेणबत्ती आणि उदबत्ती लावत असू. त्या महिन्यात आईनं उदबत्तीचा पुडा तसाच कपाटात ठेवला. "पुरे तेवढा सुगंध," म्हणाली, "बुद्धांनाही मध्यम मार्गच आवडायचा."

परवा माझी सून मला एका मॉलमध्ये घेऊन गेली. तिथे काचेच्या कपाटात बोटाएवढ्या बाटल्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर जांभळ्या फुलांचं चित्र. किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. तिच्यात काही फरक पडला नाही. आमच्याकडे गाद्यांच्या मागे केवढं वैभव पडलं होतं, हे तेव्हा समजायला हवं होतं.

पण तेव्हा घरात वैभवापेक्षा शांतताच जास्त होती. अण्णा पहिल्या भोंग्याच्या वेळी उठत, दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि खुर्चीवर बसून राहत. दिवसभर. डबा पुढे ओढून झाकण उघडत, एकदा नाक खाली नेत आणि पुन्हा बंद करत. आई त्यांना काही बोलत नसे. तीच खरी भीतीची गोष्ट होती, कारण आई प्रत्येकाला काहीतरी बोलतच असे.

ही कोंडी फोडली ती ढेकणांनी. आमच्या लोखंडी खाटेत ढेकूण झाले आणि अण्णांनी कापसाच्या बोळ्यानं खाटेच्या फटीफटीत तेल लावलं. ढेकूण गेले. कुठे गेले ते पाहण्यासाठी अण्णा मुद्दाम शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसून आले. मग त्यांनी लोकरीच्या कपड्यांत बोळे ठेवले, कसर लागली नाही. फरशी पुसायच्या पाण्यात थेंब टाकले, माश्या कमी झाल्या. टीव्हीच्या स्टँडवर थेंब सांडले, तर स्टँडचं पॉलिश निघून आलं. "बघितलंस?" अण्णा मला म्हणाले, "तेलात ताकद आहे." आई म्हणाली, "स्टँडमध्ये नव्हती, एवढंच सिद्ध झालं." पण ती पुन्हा बोलायला लागली होती.

पुढची पायरी गुडघ्यांची. अण्णांनी तिळाच्या तेलात थोडं लव्हेंडर मिसळून स्वतःच्या गुडघ्याला चोळलं. हे कळल्यावर आईनं युनिफॉर्मची टोपीसुद्धा न काढता त्यांना नियम घालून दिले. निव्वळ तेल थेट कातडीवर लावायचं नाही. आधी मनगटावर ठिपका लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. लहान मुलं नाहीत, पोटुशी बाई नाही, डोळ्यांजवळ नाही आणि पोटात तर कुणाच्याच नाही. अण्णांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. गुडघ्याला आराम पडला. मग खाली तळमजल्यावर शिलाईचं दुकान चालवणारे सलीमचाचा आले. ते आयुष्यभर मशिनवर वाकून वाकून प्रश्नचिन्हासारखे झाले होते. काही दिवस मान चोळून घेतल्यावर ते निदान स्वल्पविरामापर्यंत आले आणि गिऱ्हाइकांना सांगू लागले, "वर डॉक्टर राहतात." आई नर्स होती, त्यामुळे लोकांना ते खरंच वाटे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग कुमुदमावशी आली.

कुमुदमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचं कोथरूडला ब्यूटी पार्लर होतं, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. माझा कॉम्प्युटरचा क्लासही त्याच बाजूला होता, त्या काळी कोथरूडमध्ये प्रत्येक दुसऱ्या जिन्यात एक तरी क्लास असायचाच. मावशीला प्रत्येक नवी गोष्ट सर्वांत आधी कळायची आणि सर्वांत अर्धी कळायची. आमच्या घरात पाय ठेवताच तिनं डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, ही तर अरोमाथेरपी! फॉरेनमध्ये यानं लोकांना झोप लावतात. ताण उतरतो, मन शांत होतं. लव्हेंडर म्हणजे झोपेचं औषधच." मग तिला स्फुरण चढलं. "तुम्ही लोक लवंडर म्हणता ना? तेच बरोबर आहे. लावा आणि लवंडा!"

हे वाक्य तिनं ज्यांना जाऊन सांगितलं, त्या पारखी साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच कागदावर उतरवून घेतलं. पारखी काही वर्षं अमेरिकेत राहून परत आलेले होते आणि कोथरूडमध्ये 'वेलनेस'चं दुकान काढणार होते. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माणसांना यापुढे झोप विकत घ्यावी लागणार, असं त्यांचं भाकीत होतं. (भाकीत खरं ठरलं. माझा मुलगा मोबाइलवर पावसाचा आवाज लावून झोपतो, आणि त्याचेही पैसे देतो.) त्यांनी अण्णांना बोलावलं, खुर्ची दिली, कॉफी पाजली आणि 'सुगंध तज्ज्ञ' अशी नोकरी देऊ केली. व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापून दिली. कारखान्यात अण्णांना सगळे 'वासवाले' म्हणत. कार्डावर स्वतःचं नाव आणि त्याखाली 'तज्ज्ञ' हा शब्द बघून त्यांनी ते पुन्हा पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी एक कार्ड टीव्हीवर उभं ठेवलं. आईनं ते वाचलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा तिथंच ठेवलं. यापेक्षा जास्त कौतुक आमच्या घरात कुणाचंच झालं नव्हतं.

अट एकच होती. पार्लरमध्ये सोसायटीतल्या बायकांसमोर एक प्रात्यक्षिक करायचं. ते रंगलं की दुकान, बाटल्या, नोकरी सगळं पक्कं.

प्रात्यक्षिकाच्या दुपारी मी अण्णांबरोबर गेले. पार्लरच्या खुर्च्या भरल्या होत्या. आरशांतून प्रत्येक बाई दोनदा दिसत होती, त्यामुळे गर्दी अफाट वाटत होती. पारखी साहेब टाय लावून आले होते. झोपवण्यासाठी मावशीनं मालतीबाईंची निवड केली होती. मालतीबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "मी कित्येक वर्षांत धड झोपलेले नाही," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ते एखादा पुरस्कार मिळाल्यासारखं. त्यांना फेशियलच्या खुर्चीवर आडवं केलं. अण्णांनी त्यांच्या मनगटावर आदल्या दिवशीच ठिपका लावून खात्री केली होती. आता त्यांनी टॉवेलवर तेल शिंपडलं आणि तो बाईंच्या छातीवर पसरला.

"आता आपण सगळ्यांनी अगदी हळू बोलूया," पारखी साहेब कुजबुजले. "बाईंना झोप लागतेय."

"लागत नाहीये," मालतीबाई म्हणाल्या.

"लागेल. शरीर सैल सोडा. समोर जांभळ्या फुलांचं शेत आहे असं समजा."

बाईंनी काही वेळ प्रामाणिकपणे समजून पाहिलं. मावशीनं अण्णांना खूण केली, अण्णांनी आणखी थेंब टाकले. मालतीबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. मग दुसरा घेतला. आणि ताडकन उठून बसल्या.

"हे काय आहे हो? माझं नाक एवढं मोकळं कधी झालं नव्हतं! डोकं कसं लख्ख झालंय. हं, कुठे आहेत आपल्या सेक्रेटरीबाई? वरच्या पाण्याच्या टाकीबद्दल मला किती दिवस बोलायचं होतं, नेमकं शेवटच्या क्षणी आठवायचं नाही. आज सगळं आठवतंय."

आणि बाई टाकीबद्दल बोलू लागल्या. टाकी कधी धुतली नव्हती, झाकण कुणी नेलं होतं, कबूतर कुठल्या महिन्यात सापडलं होतं आणि सेक्रेटरीबाईंच्या घरी मात्र वेगळी पाइपलाइन कशी होती. सेक्रेटरीबाई दुसऱ्या रांगेत चेहऱ्याला मुलतानी माती लावून बसल्या होत्या. रागानं त्यांची माती तडकली.

"हे खोलवरचं रिलॅक्सेशन आहे," पारखी साहेब घाईघाईनं म्हणाले. "आधी मनातली घाण बाहेर येते."

"घाण माझ्या मनात नाही," मालतीबाई म्हणाल्या, "टाकीत आहे."

बायका दोन तटांत विभागल्या. कुणी हसत होतं, कुणी भांडत होतं, झोप मात्र एकीच्याही चेहऱ्यावर नव्हती. पारखी साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अण्णांकडे वळून हसत म्हणाले, "एखाद्याला गुण उशिरा येतो, इतकंच. आपले तज्ज्ञ सांगतील. शंभर टक्के अस्सल लव्हेंडर आहे ना हे?"

अण्णा कापसाचा बोळा हातात घेऊन उभे होते. मावशी आरशातून त्यांच्याकडे बघत, मान हलवून 'हो म्हणा, हो म्हणा' सांगत होती. मला वाटलं, ते म्हणतील. त्यांनी म्हणावं, असं मलाही वाटत होतं. कोण सांगणार होतं त्यांना नाही म्हणायला?

"नाही," अण्णा म्हणाले.

आरशातली मावशीची मान हलता हलता मध्येच अडकली.

"हे लव्हेंडर नाही. लव्हँडिन आहे. लव्हेंडरचीच दोन झाडं असतात, एक मऊ वासाचं, एक उग्र. त्यांचा संकर केला की हे होतं. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं ना, तसं. खेचरासारखंच यालाही पुढे बी धरत नाही, फांदी लावून वाढवतात. तेल भरपूर निघतं, स्वस्त पडतं, म्हणून साबणात घालतात. यात कापराचा अंश जास्त. अंगदुखीला चांगलं, किड्यांना चांगलं, नाक मोकळं करायला चांगलं. झोपेला मात्र ते मऊ वासाचंच पाहिजे. आम्ही कारखान्यात वेष्टनावर लव्हेंडरच लिहायचो. वेष्टनावर खेचर कसं लिहिणार?"

"हे तुम्हाला आज कळलं?" पारखी साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"डब्याचं झाकण उघडलं तेव्हाच. कापूर लपत नाही." अण्णांनी बोळा नीट टेबलावर ठेवला. "पण मला तज्ज्ञ म्हणालात. बरं वाटलं हो."

पारखी साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही, टाय सैल केला आणि "आपण नंतर बोलू," म्हणून निघून गेले. नंतर कधी बोलले नाहीत. मावशी केस धुवायच्या बेसिनपाशी जाऊन रडली आणि आमच्याशी अबोला धरून बसली. आम्ही बापलेक बसनं घरी आलो. अण्णा वाटभर खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या अंगाला त्या तेलाचा वास येत होता, आणि पुढच्या सीटवर पेंगणारा एक माणूस स्वारगेट यायच्या आत टक्क जागा झाला.

आईला मीच सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नोकरी मिळाली आणि रुजू व्हायच्या आत निवृत्तही झालात," ती म्हणाली. "पेन्शन मागू नका." मग तिनं अण्णांना वाढलं, आणि जेवताना स्वतःच्या ताटातली सुकट त्यांच्या ताटात टाकली. टीव्हीवरचं कार्ड तिनं काढलं नाही. अण्णांनीच ते काढून डब्याखाली सरकवलं, आणि पुन्हा ते खुर्चीवर बसायला लागले. दाढी न करता.

हे सलीमचाचांना बघवेना. "दुसऱ्याच्या नावानं विकू नका ना," ते म्हणाले. "ह्याच्या स्वतःच्या नावानं विका. माझ्या मानेनं तेलाचं नाव कुठं विचारलं होतं?" दुकानाच्या बाहेरचं बाकडं त्यांनी देऊ केलं. तिळाच्या तेलात मिसळून लहान बाटल्या भरायच्या ठरल्या. लेबल आईनं सांगितलं आणि मी ते कॉम्प्युटर क्लासमध्ये टाइप करून छापून आणलं. क्लासच्या सरांनी ते वाचून मला विचारलं, "हे विकायचंय की परत पाठवायचंय?" लेबल असं होतं:

*हे लव्हेंडर नव्हे. त्याचं भावंड आहे. मान, पाठ व गुडघे यांना चोळावे. झोप येणार नाही. आल्यास ती तुमची स्वतःची. पिऊ नये. डोळ्यांना लावू नये. लहान मुले व गरोदर स्त्रियांनी दूर राहावे. घासाघीस करू नये.*

लोक थांबत, वाचत, हसत आणि पुढे जात. विकत कुणी घेईना. अण्णा बाकड्याच्या टोकाला असे बसत, की जणू बाटल्या दुसऱ्या कुणाच्या आहेत.

तेव्हा नुकतीच परदेशी फोनांची ऑफिसं सुरू झाली होती. आमच्या भागातली मुलं संध्याकाळी निघून सकाळी परत येत, आणि त्यांना न्यायला पांढरी गाडी सलीमचाचांच्या दुकानासमोर थांबे. एका संध्याकाळी गाडीची वाट बघणारा एक मुलगा मान वेडीवाकडी करत बाकड्यापाशी आला. तो पुण्यात नवा होता, त्याला मराठी वाचता येत नव्हतं.

"अंकल, इसपे क्या लिखा है?"

अण्णांनी घसा साफ केला. त्यांचं हिंदी म्हणजे टोपी घातलेलं मराठी. "लिखा है कि ये लव्हेंडर नहीं है. मान को चोळने का. और नींद नहीं आयेगी."

"पक्का नहीं आयेगी?"

"बिलकुल नहीं. हमने एक बाई को सुलाने का खूप प्रयत्न किया. वो उठके भांडने लगी."

मुलाचे डोळे चमकले. "अंकल, मुझे रात भर अमेरिकावालों से बात करनी है. दो दे दो." आणि गाडीत चढता चढता त्यानं बाटली उघडली असावी, कारण आतून आरडाओरडा झाला आणि सगळीच मुलं खिडकीतून हात बाहेर काढायला लागली. बाकडं रिकामं झालं.

आई तेव्हा गॅलरीत उभी राहून हे सगळं पाहत होती. "अहो!" ती वरून ओरडली. "लावून झाल्यावर साबणानं हात धुवायला सांगा त्यांना! तेच हात डोळ्याला लावले, तर उद्या माझ्याच वॉर्डात येतील!"

अण्णांनी ते गाडीला सांगायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं, की चोळायचं कसं ते सांगितलंच नाही. खालून वर चोळायचं की वरून खाली, मणक्यावर का चोळायचं नाही, किती थेंब पुरतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "थांब रे जरा," म्हणत अण्णा गाडीत चढले, पहिल्या सीटवरच्या मुलाच्या कॉलरमागे त्यांनी अंगठा ठेवला, आणि मोठ्या आवाजात, कारखान्यातल्या मशिनच्या पट्ट्यांचा गोंगाट कापायला लागायचा तसल्या आवाजात, समजावू लागले. ड्रायव्हरनं वेळ बघितली आणि गाडी सोडली.

"अगं, हे गेले!" आई कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली. "सुजाता, अगं, गाडी यांना घेऊन निघाली! पायात स्लिपरसुद्धा नाहीत! कुठे निघालेत हे?"

सलीमचाचांनी मशिन थांबवलं, दुकानाबाहेर येऊन गाडी वळणावर दिसेनाशी होऊ दिली, आणि वर मान करून म्हणाले, "घाबरू नका ताई. कामावर गेलेत."